नेफ्रोलिथोटॉमी : एका लांबलचक शब्दाची फोड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

समास शिकताना 'राजपुत्र', 'पंचवटी', 'पीतांबर' ही उदाहरणे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांचा विग्रह करता आला की समास आला, असे आपल्याला वाटते. परंतु ज्यांची फोड न आल्यामुळे माणसाच्या तोंडचे पाणी पळते, असे सामासिक शब्द आज व्याकरणाच्या पुस्तकात नसून दवाखान्याच्या कागदावर असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका शब्दाची फोड करण्याचा अल्पसा प्रयत्न मी करणार आहे. शब्द वैद्यकातला असला तरी त्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र भाषेच्या विद्यार्थिनीची आहे, हे आरंभीच स्पष्ट करते.

तो शब्द असा : 'परक्युटेनिअस नेफ्रोलिथोटॉमी'. डॉक्टर मंडळी एवढे लांब नाव घेत बसत नाहीत. ती नुसते 'पीसीएनएल' म्हणतात. मूत्रपिंडातला, म्हणजे किडनीतला, मोठा खडा काढण्याची ही एक शस्त्रक्रिया आहे.

हाच शब्द का निवडला?

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर हा भाग पूर्णेच्या खोऱ्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. विहिरीचे पाणी खारट, बोअरचे त्याहून खारट. मूत्रपिंडाच्या आजारांविषयी या भागात जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसऱ्या आजाराविषयी बोलले जात असेल. मुतखड्याला एकच एक कारण नसते. पाणी कमी पिणे, उन्हातान्हात घाम गाळणे, आहार, घराण्यातील प्रवृत्ती अशी अनेक कारणे डॉक्टर सांगतात. ते काही असो, 'खडा' हा शब्द आमच्या गावात सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि 'नेफ्रोलिथोटॉमी' हा शब्द कोणाच्याच ओळखीचा नाही. वस्तू ओळखीची आणि नाव मात्र परके, अशी ही स्थिती आहे.

दुसरे कारण घरगुती आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतल्या कोणालाही दवाखान्याचा कागद मिळाला की तो आमच्या ओसरीवर येतो. 'माय, यात काय लिवलं ते सांग ना वं,' असे शेजारची मोठीमाय म्हणते, तेव्हा 'मी कला शाखेची आहे' हे उत्तर तिच्या उपयोगाचे नसते. शिकलेल्या माणसाला वाचता आले पाहिजे, एवढीच तिची साधी अपेक्षा असते.

अक्षरे किती?

प्रथम उच्चार घेऊ. एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे अक्षर, असे धरले तर पहिल्या शब्दात पर्-क्यु-टे-नि-अस् अशी पाच अक्षरे पडतात आणि दुसऱ्यात ने-फ्रो-लि-थो-टॉ-मी अशी सहा. एकूण अकरा. एवढे तुकडे पाडून सावकाश म्हटले तर हा शब्द आमच्या गावातला चौथीचा मुलगाही म्हणू शकतो. लांबीची निम्मी भीती येथेच संपते.

वृत्तांचा अभ्यास करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. 'नेफ्रोलि' हे गुरु, गुरु, लघु, म्हणजे त गण झाला. 'थोटॉमी' हे तिन्ही गुरु, म्हणजे म गण. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र केवळ कवितेलाच लागू पडते असे नाही.

मात्र इंग्रज हा शब्द असा म्हणत नाही. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दात एका अक्षरावर जोर असतो. '-टॉमी', '-ग्राफी', '-लॉजी' असा शेवट असलेल्या शब्दांत तो जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. म्हणून इंग्रजी उच्चार 'नेफ्रोलिथॉटमी' असा होतो. आपण 'फोटोग्राफी' म्हणतो आणि इंग्रज 'फटॉग्रफी' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. जोर पडलेले अक्षर ठळक होते आणि बाजूची अक्षरे दबून जातात. परिणामी 'टॉमी' हा अर्थपूर्ण तुकडा मोडतो. त्यातला ट् मागच्या 'थॉ'ला जाऊन चिकटतो.

मराठीत असा ठाशीव आघात नाही. आपण सगळी अक्षरे जवळजवळ सारख्याच वजनाने म्हणतो. त्यामुळे 'नेफ्रो-लिथो-टॉमी' हे तिन्ही जोड आपल्या उच्चारात स्वच्छ ऐकू येतात. आपल्या उच्चाराला शहरात कोणी हसले तर हसू द्यावे. तो इंग्रजी उच्चार नव्हे हे खरे; पण शब्दाची घडण त्यातच अधिक चांगली टिकून राहते, हेही तितकेच खरे.

आणखी एक गंमत आहे. या शब्दाचे मूळ ग्रीक आहे. प्राचीन ग्रीकमधील 'फाय' आणि 'थीटा' या वर्णांचे उच्चार आपल्या फ आणि थ यांच्यासारखे महाप्राण होते. आज इंग्रजीत त्यांची घर्षक रूपे झाली आहेत. रोमन लोकांना हा महाप्राण ऐकू येत होता, म्हणूनच त्यांनी हे वर्ण 'पी-एच' व 'टी-एच' अशा जोडीने लिहिले आणि ते स्पेलिंग आजतागायत चालत आले. तेव्हा 'लिथो'मधला थ आमची मोठीमाय जसा म्हणते, तो आजच्या इंग्रजीपेक्षा जुन्या ग्रीकच्या अधिक जवळचा आहे! तिच्या तोंडी 'नेफ्रो'चे 'नेफरो' होते, तोही अडाणीपणा नव्हे. जोडाक्षर सोडवण्यासाठी मध्ये स्वर घालणे याला भाषाशास्त्रात स्वरभक्ती म्हणतात. 'प्रकाश'चे 'परकास' याच वाटेने होते.

अर्थाचे तुकडे

आता अर्थाकडे वळू. अक्षरे सहा असली तरी अर्थपूर्ण तुकडे, म्हणजे ज्यांना भाषाविज्ञानात रूपिमे म्हणतात ती, तीनच आहेत :

नेफ्रोस – मूत्रपिंड, वृक्क.
लिथोस – दगड, अश्म.
तोमे – कापणे, छेद.

मधला 'ओ' हा केवळ सांधा आहे. मराठीत 'दगड' शब्दाला 'ला' प्रत्यय लावताना आपण 'दगडला' न म्हणता 'दगडाला' म्हणतो. तो 'आ' सामान्यरूपाचा. तसाच हा 'ओ' समजावा. पुढचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर मात्र या 'ओ'ची गरज उरत नाही आणि तो गळून पडतो. मूत्रपिंडाचा दाह म्हणजे 'नेफ्रायटिस'; तेथे 'नेफ्रोआयटिस' होत नाही.

'परक्युटेनिअस' हा तुकडा लॅटिन आहे. 'पर' म्हणजे मधून आणि 'क्युटिस' म्हणजे त्वचा. त्वचेतून केलेले, असा त्याचा अर्थ. लॅटिन विशेषण आणि ग्रीक नाम यांची ही जोडी आहे.

यांतील 'लिथोस' आपल्याला वाटतो तितका अनोळखी नाही. वाङ्मयेतिहासात आपण शिळाप्रेस, शिळाछाप हे शब्द वाचतो. ते 'लिथोग्राफ'चे मराठीकरण आहे. इतिहासाचे विद्यार्थी पुराश्मयुग आणि नवाश्मयुग शिकतात. त्यांतील 'अश्म' हा 'पॅलिओलिथिक', 'निओलिथिक' यांतल्या 'लिथ'चा अनुवाद. भूगोलात शिलावरण येते, ते 'लिथोस्फिअर'. म्हणजे एकच दगड तीन विषयांच्या पुस्तकांत पडलेला आहे, फक्त तो एकच आहे हे आपल्याला कोणी दाखवलेले नसते. 'तोमे'चेही तसेच. 'ॲटम' म्हणजे ज्याचा छेद होत नाही तो. आपल्या व्याकरणाप्रमाणे हा सरळसरळ नञ् बहुव्रीही झाला.

सोनोग्राफीच्या अहवालात पुष्कळदा 'रीनल कॅल्क्युलस' असे लिहिलेले असते. 'कॅल्क्युलस' हा लॅटिन शब्द, अर्थ लहान खडा. रोमन लोक खडे मांडून हिशोब करीत, म्हणून त्याच शब्दावरून 'कॅल्क्युलेटर' आला आणि गणितातला 'कॅल्क्युलस'ही आला. आपला 'मुतखडा' याच जातीचा आहे. मूत आणि खडा यांचा तो समास असून, 'फूल'चे 'फुलपाखरू' होताना जसा ऊ ऱ्हस्व होतो, तसाच येथेही झाला आहे. म्हणजे आपल्या आजीचा शब्द आणि अहवालातला शब्द यांमागची कल्पना एकच आहे.

विग्रह

तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते. ग्रीक धर्तीच्या या वैद्यकीय शब्दांतही शेवटचा तुकडाच मुख्य. म्हणून असा शब्द मागून वाचावा. काय करायचे? छेद. कशासाठी? खड्यासाठी. खडा कोठला? मूत्रपिंडातला.

येथे विभक्तीचा एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. 'नेफ्रोटॉमी' म्हणजे मूत्रपिंडाला दिलेला छेद, ही षष्ठी. पण 'लिथोटॉमी'त छेद खड्याला देत नाहीत, खडा काढण्यासाठी शरीराला देतात. म्हणून आजच्या अर्थाने तेथे चतुर्थी मानावी लागते. 'लिथोट्रिप्सी' या उपचारात मात्र खड्याचाच चुरा करतात, म्हणून तेथे पुन्हा षष्ठी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या समासांत विभक्ती वेगवेगळी निघते आणि तिच्यावर अर्थ अवलंबून असतो, हे आपल्या व्याकरणकारांचे म्हणणे या परक्या शब्दांनाही तंतोतंत लागू पडते.

एका 'एक्'चे मोल

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. पुढील तीन शब्द मोठ्याने वाचून पाहावेत :

नेफ्रोटॉमी – मूत्रपिंडाला छेद देणे.
नेफ्रोस्टॉमी – मूत्रपिंडातून बाहेर वाट, 'तोंड' काढणे. ग्रीक 'स्टोमा' म्हणजे तोंड.
नेफ्रेक्टॉमी – मूत्रपिंड काढून टाकणे.

पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक आहे तो 'एक्' एवढाच. ग्रीकमध्ये 'एक्' म्हणजे बाहेर. संस्कृतात 'छेद' आणि 'उच्छेद' यांत 'उत्' या उपसर्गाने जो फरक पडतो, तोच येथे 'एक्'ने पडतो. छेद दिलेला अवयव जागेवर राहतो. उच्छेद झालेला राहत नाही. एका अक्षराच्या अलीकडे किडनी आहे आणि पलीकडे नाही.

आमच्या नात्यातील एका मामांच्या बाबतीत हेच आडवे आले. त्यांना एका दवाखान्यात 'नेफ्रोलिथोटॉमी' करावी लागेल असे सांगण्यात आले व सहीसाठी कागद देण्यात आला. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची पूर्वी 'नेफ्रेक्टॉमी' झालेली होती. घरच्यांनी शब्दाचे पहिले तोंड आणि शेवटचे शेपूट तेवढे ऐकले आणि किडनीच काढणार असे समजून मामांना गाडीत घालून सरळ गावी आणले. पुढचे दीड महिना ते दुखणे अंगावर काढत होते. अखेरीस दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर किडनीचे चित्र काढले आणि 'पाठीतून बारीक छिद्र पाडून आतला खडा फोडून काढायचा, किडनी जागेवरच राहणार' असे चार शब्दांत सांगितले. मामांनी तेथेच सही केली. शस्त्रक्रिया चांगली झाली. दीड महिन्याचे दुखणे रोगाने दिले नव्हते, ते न कळलेल्या शब्दाने दिले होते.

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. मामा घाबरून परत आले. पण न समजता सही करणारे किती असतील? 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. निदानासाठी दुर्बिणीने तपासणी करण्यास, म्हणजे 'लॅपरोस्कोपी'स, दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. ज्या कामाला संमती द्यायची ते काम, त्याचे धोके आणि त्याला असलेले पर्याय रुग्णाला कळले पाहिजेत, हे त्या निकालाचे सार. '-स्कोपी' म्हणजे पाहणे, '-एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणे. पाहण्याला दिलेला होकार हा काढण्याला दिलेला होकार नव्हे. गर्भाशय काढण्याला 'हिस्टेरेक्टॉमी' म्हणतात; आपल्याकडच्या बाया तिला 'पिशवी काढली' म्हणतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा हा विषय केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

थोडा इतिहास

खडा काढण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात अश्मरीनिदान आणि चिकित्सास्थानात अश्मरीचिकित्सा असे स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांत अश्मरीचे चार प्रकार सांगितले असून मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीतही वर्णिली आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत मात्र खड्याच्या रोग्यावर आपण शस्त्र चालवणार नाही, असे वैद्याकडून वदवून घेतले आहे. हे काम त्यात निष्णात असलेल्यांकडे सोपवावे, असा त्यातला आशय.

त्वचेतून नळी घालून मूत्रपिंडातील मूत्राला वाट देण्याची पद्धत गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वाटेने खडा काढण्याचे तंत्र फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी स्वीडनमध्ये १९७६ मध्ये मांडले. बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार जर्मनीतील म्युनिक येथे १९८० मध्ये प्रथम करण्यात आला. म्हणजे आपल्या शब्दाचे तुकडे अडीच हजार वर्षांचे जुने असले, तरी त्या तुकड्यांनी दाखवलेली वस्तू आपल्या आईवडिलांच्या पिढीएवढीच तरुण आहे. जुन्या विटा वापरून नवे घर बांधावे तसे हे आहे.

मग मराठी शब्द कोणता?

'त्वचामार्गे वृक्काश्मरीछेदन' असा भाषांतरित शब्द सहज बनवता येईल. शासनाच्या भाषा संचालनालयाने, ज्याची स्थापना १९६० मध्ये झाली, परिभाषा कोशांचे मोठे काम केले आहे आणि शास्त्रीय लेखनाला अशा संज्ञा लागतातच. पण मोठीमायपुढे 'वृक्काश्मरीछेदन' ठेवले काय आणि 'नेफ्रोलिथोटॉमी' ठेवले काय, तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. ग्रीकची गाठ सोडून संस्कृतची गाठ मारण्यासारखे ते होईल.

माझ्या मते येथे दोन गरजा वेगळ्या आहेत. अकोल्याच्या डॉक्टरांनी लिहिलेले मुंबईच्या डॉक्टरांना अचूक कळावे यासाठी लांब संज्ञा हवी. ती आहे आणि राहावी. रोग्याला मात्र संज्ञा नको असते, वाक्य हवे असते. 'पाठीतून बारीक छिद्र पाडून किडनीतला खडा काढायचा' हे वाक्य म्हणजे त्या अकरा अक्षरांचा विग्रहच होय. समासाचा विग्रह वाक्यातच करायचा असतो, हे तर आपण शाळेतच शिकलो. तेव्हा रोग्याला विग्रह मिळालाच पाहिजे आणि तो त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचेही एक आहे. तेथे शिकणारे विद्यार्थी ही संज्ञा शिकतील. तिचा विग्रह लोकांपर्यंत नेण्याचे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यायला हरकत नाही. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही, आणि आपण डॉक्टरकी करूही नये. औषध कोणते, शस्त्रक्रिया करावी की नाही, हे सांगणे आपले काम नव्हे. आपले काम एवढेच की, कागद हाती आला तर शेवटचा तुकडा आधी वाचावा. तो 'टॉमी' आहे, 'एक्टॉमी' आहे, 'स्टॉमी' आहे की 'स्कोपी' आहे ते नीट पाहावे. आणि रोग्याने डॉक्टरांना काय विचारायचे ते त्याला सांगावे. काय करणार? कोठून करणार? अवयव राहणार की काढणार? न केल्यास काय होईल, आणि दुसरा काही मार्ग आहे का? हे प्रश्न विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

शेवटी एक नम्र सूचना करते. आपल्या मराठी विभागाने, गावातील डॉक्टरांची मदत घेऊन, नेहमी कानावर येणाऱ्या पन्नासेक वैद्यकीय शब्दांची एक छोटी पुस्तिका तयार करावी. प्रत्येक शब्दापुढे त्याची अक्षरे, त्याचे तुकडे आणि एका साध्या मराठी वाक्यात त्याचा विग्रह असावा. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एकही ओळ छापू नये. 'सोनोग्राफी', 'हायड्रोनेफ्रोसिस', 'नेफ्रायटिस', 'लिथोट्रिप्सी', 'हिस्टेरेक्टॉमी' एवढ्यांपासून सुरुवात करता येईल. यातील पहिले दहा शब्द लिहून देण्याची जबाबदारी मी घेते. ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी असे कागद येतात, त्यांनी त्यांतले अडलेले शब्द उतरवून विभागात आणून द्यावेत. रोग्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. शब्द तेवढा पुरे.